मूर्तिकाराची मान आणि रात्रीचे दात खाणे : एक प्रकरण अभ्यास

प्रस्तुत प्रकरण गोव्यातील डिचोली तालुक्यातील एका गणेशमूर्तिकाराचे आहे. रुग्णाचे वय ४३ वर्षे, घरची चित्रशाळा (गणेशमूर्ती घडवण्याची कार्यशाळा) वडिलोपार्जित, हंगामात मूर्तिकाम आणि एरवी शेती व रंगकाम असा व्यवसाय. ओळख पटू नये म्हणून काही वैयक्तिक तपशील बदलले आहेत. जुलै २०२३ च्या पहिल्या आठवड्यात म्हापशाच्या एका दंतवैद्यांनी त्यांना मानेच्या तपासणीसाठी पाठवले. उजव्या बाजूचा सुळा आणि उपदाढा झिजल्या आहेत, झोपेत दात खाण्याची दाट शंका आहे, नाइट गार्ड (रात्री दातांवर बसवायचे प्लास्टिकचे आवरण) दिला आहे, तरीही सकाळचे डोके दुखणे आणि मान आखडणे थांबत नाही, एवढेच चिठ्ठीत लिहिलेले होते.

त्या वर्षी अधिक श्रावण आल्यामुळे चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, १९ सप्टेंबरला होती, म्हणजे हंगाम लांबला होता. गोव्यात प्लास्टर ऑफ पॅरिसच्या मूर्तींना बंदी असल्याने काम चिकणमातीचे, आणि ऐन पावसात माती लवकर वाळत नाही. त्यामुळे रंगकामाचा सगळा भार शेवटच्या काही आठवड्यांवर येऊन पडतो. गिऱ्हाइकांनी नाव घालून आणून दिलेले पाट भिंतीशी रचलेले असतात आणि तेवढ्या मूर्ती त्या त्या दिवशी तयार असाव्याच लागतात. रुग्णाने पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगितले, “डॉक्टर, चवथ होईपर्यंत झोपेचं काही बोलू नका, बाकी काय ते सांगा.” उपचारांची आखणी या अटीतच करावी लागली.

हे प्रकरण लिहून काढण्याचे कारण वेगळे आहे. मानेचे अमुक व्यायाम केले की झोपेत दात खाणे बंद होते, अशा अर्थाच्या चित्रफिती हल्ली मोबाइलवर सर्रास फिरतात. या रुग्णानेही त्यांतली एक पाहून मान गोल गोल फिरवण्याचा व्यायाम सुरू केला होता आणि मान मागे नेताना गरगरल्यासारखे वाटू लागल्यावर सोडून दिला होता. मानेच्या व्यायामाने या माणसाचे नेमके काय सुधारले आणि काय सुधारले नाही, हे वेगवेगळे करून पाहणे शक्य झाले, म्हणून हे प्रकरण नोंदवण्याजोगे वाटते.

तक्रार आणि तपासणी

सकाळी उठताना दोन्ही कानशिले ठणकणे, उजवीकडे अधिक, आठवड्यातून पाचेक दिवस; जबडा जड वाटणे आणि पहिला घास चावताना गाल ओढला जाणे; मान उजवीकडे वळवताना डोक्याच्या तळाशी कळ येणे; रात्री कूस बदलताना जाग येणे, आणि सहा तास पडून राहूनही झोप झाल्यासारखे न वाटणे, अशा तक्रारी होत्या. दात खाण्याची माहिती मात्र पत्नीने दिली. रुग्णाला स्वतःला तो आवाज कधीच ऐकू आलेला नव्हता. सासूबाईंच्या मते हे जंतांचे लक्षण होते आणि त्यावर दोनदा औषधही देऊन झाले होते. मोठ्या माणसाच्या बाबतीत या समजुतीला आधार नाही, पण घरोघरी ती इतकी पक्की आहे की उपचाराला उशीर होण्याचे ते एक नेहमीचे कारण ठरते.

चहा दिवसाला सहा-सात कप, शेवटचा रात्री अकराच्या सुमारास. तंबाखू नाही. मद्य एरवी आठवड्यातून एखाद्या वेळी, पण दोन्ही श्रावण पाळत असल्यामुळे उपचारांच्या सुरुवातीच्या बऱ्याच काळात तेही बंद होते. सुधारणेचे श्रेय वाटताना ही गोष्ट विसरून चालणार नाही, कारण रात्रीच्या मद्यामुळे दात खाणे वाढते. नैराश्यावरील काही औषधांमुळेही दात खाणे सुरू होऊ शकते किंवा वाढू शकते. तशी कोणतीही औषधे चालू नव्हती. रक्तदाब आणि वजन प्रमाणात होते. घोरणे होते, परंतु श्वास अडकल्याचे पत्नीने कधी पाहिले नव्हते आणि दिवसा झापड येत नव्हती. झोपेतील श्वासरोधाच्या चाळणीसाठी वापरल्या जाणाऱ्या प्रश्नावलीत त्यांचे ८ पैकी २ गुण आले, म्हणजे धोका कमी. झोपेची सविस्तर चाचणी सुचवली, ती त्यांनी चवथीनंतरवर ढकलली.

२०१८ साली प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांच्या सहमतीनुसार, केवळ स्वतःच्या किंवा घरच्यांच्या सांगण्यावरून झोपेत दात खाण्याचे निदान ‘शक्य’ ठरते, तपासणीत खुणा सापडल्यास ‘संभाव्य’ आणि उपकरणाने नोंद झाली तरच ‘निश्चित’. येथे दातांची झीज, गालाच्या आतल्या बाजूची पांढरी रेघ, जिभेच्या कडेवर दातांचे ठसे आणि चावण्याच्या स्नायूची उजवीकडे वाढलेली जाडी या खुणा होत्या. म्हणून निदान ‘संभाव्य’ एवढेच धरले. झीज जुनीही असू शकते, तेव्हा केवळ तिच्यावरून आजही दात खाल्ले जात आहेत असे म्हणता येत नाही. येथे पत्नीची साक्ष होती.

मानेच्या तपासणीत मिळालेली माहिती अधिक बोलकी होती. मान पूर्ण पुढे वाकवून डोके वळवण्याच्या चाचणीत, जी वरच्या दोन मणक्यांमधील वळण दाखवते, निरोगी माणसाला प्रत्येक बाजूला साधारण ४४ अंश मिळतात. रुग्णाला डावीकडे ४० मिळाले आणि उजवीकडे फक्त २४. उजवीकडे वळताना नेहमीची कानशिलाची कळही उमटली. मानेच्या पुढच्या खोल स्नायूंच्या चाचणीत मानेखाली हवेची पिशवी ठेवून तिचा दाब २० पासून टप्प्याटप्प्याने ३० मिलिमीटर पाऱ्यापर्यंत नेऊन प्रत्येक टप्प्यावर रोखायचा असतो. रुग्ण २२ च्या पुढे जाऊ शकला नाही. तेथेच हनुवटी वर निघाली आणि कानामागून छातीच्या हाडापर्यंत तिरका जाणारा स्नायू दोरीसारखा ताठला. तोंड ३८ मिलिमीटर उघडत होते. मानेमुळे येणाऱ्या असमर्थतेच्या प्रश्नावलीत ५० पैकी १६ गुण, म्हणजे मध्यम त्रास. झोपेच्या गुणवत्तेच्या पिट्सबर्ग निर्देशांकाचे प्रश्न तोंडी विचारून भरून घेतले. त्यात २१ पैकी ११ गुण आले, आणि ५ पेक्षा जास्त गुण म्हणजे झोप चांगली नाही असे मानतात. हातापायांत मुंग्या, अशक्तपणा, तोल जाणे, बोलणे अडखळणे, दोन-दोन दिसणे यांपैकी काहीही नव्हते. गरगरण्यामागे काही गंभीर नाही याची खातरजमा त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांकडून करून घेतल्यावरच पुढचे पाऊल टाकले.

दातांत धरलेला ब्रश

खरा उलगडा चित्रशाळेत जाऊन पाहिल्यावर झाला. रुग्ण जमिनीवर पाटावर बसून काम करत होते आणि मूर्ती त्यांच्या डोळ्यांच्या पातळीच्या बरीच खाली होती. डोळ्यांची आखणी करताना हनुवटी पुढे काढून, मान उजवीकडे कलती करून ते मूर्तीच्या चेहऱ्याच्या वीतभर अंतरावर जात, श्वास रोखत, आणि एका हातात बारीक ब्रश, दुसरा हात मूर्तीच्या मुकुटामागे असल्यामुळे दुसरा, जाड ब्रश उजव्या दातांत आडवा धरत. आखणी संपली तरी ब्रश तोंडातून निघत नसे. ब्रशच्या लाकडी दांड्यावर दातांच्या खाचा होत्या आणि त्या झिजलेल्या सुळ्याशी व उपदाढेशी बरोबर जुळत होत्या.

दिवसा जागेपणी दात आवळून धरणे आणि रात्री झोपेत ते घासणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत, हे येथे नीट समजून घेतले पाहिजे. जेवणे आणि गिळणे सोडले तर वरचे व खालचे दात एकमेकांना टेकणे अपेक्षित नाही; जबडा विसावलेला असताना त्यांच्यात दोन ते चार मिलिमीटर फट असते. ती फट दिवसभर मिटलेली राहिली तर जबड्याचे स्नायू थकतात आणि दुखतात. झोपेतल्या दात खाण्याचा उगम मात्र मेंदूत आहे. हलक्या झोपेत काही सेकंदांची अर्धवट जाग येते, हृदयाचे ठोके वाढतात, आणि त्यापाठोपाठ जबड्याचे स्नायू चघळल्यासारखे लयीत आकुंचन पावतात. मान ताठ आहे म्हणून ही साखळी सुरू होते, असे दाखवणारा पुरेसा पुरावा नाही.

मग मानेचा संबंध कुठे येतो? चेहऱ्याच्या संवेदना वाहून नेणाऱ्या मज्जातंतूचे मेंदूच्या देठातील केंद्र खाली मानेच्या वरच्या भागापर्यंत उतरलेले असते आणि मानेच्या पहिल्या तीन मज्जातंतूंच्या वेदनाही तेथेच येऊन मिळतात. त्यामुळे मानेचे दुखणे कानशिलात जाणवू शकते आणि जबड्याचे दुखणे मानेत. स्नायूंचेही तसेच आहे. मानेच्या बाजूच्या तिरक्या स्नायूवर बोटे ठेवून दात घट्ट आवळले तर तो बोटांखाली ताठताना कळतो. सकाळच्या डोकेदुखीचा सगळा दोष रात्रीच्या घासण्याला देण्याची आपल्याला सवय लागली आहे. या रुग्णात त्या दोषाचा निम्मा वाटा तरी मानेचा असावा, असे तपासणीवरून वाटत होते. वेदनेने झोप मोडते आणि मोडलेल्या झोपेत वेदना अधिक जाणवते, ही दुहेरी बाजूही होतीच.

उपचार

पहिला बदल ब्रशचा केला. दांडा दातांत धरू नका असे नुसते सांगितले असते तर आखणीला बसताच ते विसरले गेले असते, कारण हात खरोखरच मोकळा नव्हता. रुग्णानेच तोड काढली: ओल्या मातीचा नारळाएवढा गोळा डाव्या गुडघ्याशी ठेवला आणि ब्रश त्यात उभे खोचले. मूर्ती उंच चौरंगावर घेतली, दिवा समोरून लावला, त्यामुळे मान पुढे काढण्याची गरज कमी झाली. ओठ मिटलेले, दात सुटे, जिभेचे टोक वरच्या दातांमागे टाळूला हलके टेकलेले, ही जबड्याची विसाव्याची स्थिती शिकवली आणि प्रत्येक वेळी ब्रश पाण्यात बुडवताना ती तपासायची असे ठरवले.

व्यायामांत सर्वाधिक वेळ एकाच गोष्टीवर गेला. उताणे झोपून, डोक्याखाली घडी केलेला टॉवेल ठेवून, होकार देताना होते तेवढीच मान हलवायची. डोके उचलायचे नाही, टॉवेलवर दाबायचेही नाही. दहा सेकंद धरायचे, सोडायचे, आणि दहा वेळा करायचे. दिसायला हा व्यायाम क्षुल्लक आहे आणि म्हणूनच तो चुकतो. रुग्ण पहिल्या आठवड्यात प्रत्येक वेळी दात आवळून तो करत होते. खोल स्नायू कमजोर असले की शरीर जबड्याचा आधार घेते. जीभ टाळूला आणि दात सुटे ठेवून करायला सांगितल्यावर दहा सेकंदांऐवजी चारच सेकंद जमू लागले. तेच चार सेकंद खरे होते. तेथूनच मोजणी सुरू केली.

दुसरा व्यायाम पंचाचा. पंचाची कड मानेच्या अगदी वर, डोक्याच्या तळाशी ठेवून ती डोळ्यांच्या दिशेने समोर ओढायची आणि त्या ओढीबरोबर मान अडखळणाऱ्या बाजूला सावकाश वळवायची, सकाळ-संध्याकाळ दोन-दोन वेळा. कळ आली तर ओढीची दिशा चुकली असे समजून थांबायचे. यांच्या जोडीला खांद्याची पाती मागे-खाली ओढण्याचे व्यायाम, पाठीखाली टॉवेलची गुंडाळी घेऊन छाती उघडणे, आणि जीभ टाळूला ठेवून तोंड जेवढे उघडेल तेवढेच सावकाश उघडणे. दवाखान्यात डोक्याच्या तळाच्या आणि चावण्याच्या स्नायूंना हाताने मोकळे केले. मान गोल फिरवणे पूर्ण बंद केले. व्यायाम करताना चक्कर, दोन-दोन दिसणे, बोलताना किंवा गिळताना अडचण, चेहरा बधिर होणे यांपैकी काहीही झाले तर व्यायाम थांबवून लगेच डॉक्टरांकडे जायचे, हे कागदावर लिहून दिले.

झोपेबद्दल बोलायचे नाही असे ठरले होते, तरी दोन गोष्टी त्यांनी मान्य केल्या. संध्याकाळी पाचनंतर चहा नाही, आणि पालथे झोपायचे नाही. पालथे झोपल्यावर मान रात्रभर एका बाजूला पूर्ण वळलेली राहते. उजवीकडचे अडखळलेले वळण पाहता ही सवय मोडणे व्यायामाइतकेच आवश्यक होते. नाइट गार्ड चालूच ठेवला. तो दात वाचवतो. दात खाणे थांबवेल अशी अपेक्षा त्याच्याकडून ठेवू नये.

पुढे काय झाले

ऑगस्टच्या मध्यापर्यंत उजवीकडचे वळण ३७ अंशांवर आले, तोंड ४४ मिलिमीटर उघडू लागले, खोल स्नायूंची चाचणी २६ पर्यंत गेली आणि मानेच्या प्रश्नावलीचे गुण १६ वरून ९ झाले. डोके दुखणाऱ्या सकाळी आठवड्यात पाचावरून दोनवर आल्या. पिट्सबर्ग निर्देशांक मागच्या महिनाभराच्या झोपेबद्दल विचारतो, म्हणून तो महिना उलटल्यावरच पुन्हा भरून घेतला. तो ११ वरून ८ वर आला होता. तीन गुणांचा फरक सहसा दखल घेण्याजोगा मानतात, पण चहा कमी झाला होता, मद्य बंद होते आणि झोपण्याची बाजूही बदलली होती, तेव्हा हे तीन गुण एकट्या व्यायामाच्या खात्यावर टाकता येणार नाहीत.

दात खाण्याचे काय? पत्नी भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर आवाज ऐकलेल्या रात्रींना बारीक टिंब करत असे. उपचारांच्या सुरुवातीला आठवड्यात पाच टिंबे होती आणि ऑगस्टच्या मध्यालाही चार ते पाचच. दिवसभराच्या कामाने गाढ झोपलेल्या बाईच्या कानाला मोजमापाचे साधन म्हणता येत नाही, आणि प्रत्येक वेळी घासण्याचा आवाज होतोच असेही नाही. तरीही डोकेदुखी निम्म्याहून कमी झाली असताना टिंबे जवळपास तेवढीच राहिली, हे महत्त्वाचे आहे.

चवथीपूर्वीच्या दहा दिवसांत सगळे बिघडले. झोप चार तासांवर आली, चहा परत सुरू झाला, टिंबे रोजची झाली. मान मात्र जुलैइतकी आखडली नाही. मातीचा गोळा जागेवर होता आणि दांड्यावर नव्या खाचा नव्हत्या. चवथ उरकल्यावर, ऑक्टोबरअखेर झोपेचा निर्देशांक ५ वर उतरला आणि टिंबे दोन-तीनवर आली. येथे थांबून हे प्रकरण प्रसिद्ध केले असते तर व्यायामाने झोप सुधारली आणि दात खाणे निम्मे झाले असा निष्कर्ष सहज काढता आला असता. हंगाम संपला होता, एवढेच त्यामागचे मुख्य कारण असू शकते. अशा रुग्णाचे ‘आधी’ आणि ‘नंतर’ मोजताना दिनदर्शिका समोर असलीच पाहिजे.

डिसेंबरपर्यंत व्यायाम सुटले. त्याचे विशेष वाटले नाही. दुखणे थांबले की व्यायाम थांबतो. मे २०२४ मध्ये माती मळायला घेताना मान पुन्हा भरून येऊ लागली आणि ते स्वतःहून परत आले. त्या वर्षी चवथ ७ सप्टेंबरला होती. म्हणून तुलना तारखेची न करता चवथीपासूनच्या अंतराची केली: दोन्ही वर्षांत चवथीच्या साधारण अकरा आठवडे आधीची स्थिती. मूर्तींची संख्या जवळपास तेवढीच होती. २०२३ मध्ये उपचारांपूर्वी मानेचे गुण १६ होते, २०२४ मध्ये ८. झोपेचा निर्देशांक ११ च्या जागी ७. डोके दुखणाऱ्या सकाळी पाचाच्या जागी एक-दोन. उजवीकडचे वळण २४ च्या जागी ३६ अंश. टिंबे चार.

त्याच सुमारास दंतवैद्यांनी नाइट गार्ड तपासला. उजव्या सुळ्याच्या जागी प्लास्टिकवर ताजी, चकचकीत घासलेली खाच होती. मोजमाप म्हणून तीही अपुरीच, पण पत्नीच्या टिंबांना दुजोरा देणारी.

या एका प्रकरणावरून इतकेच म्हणता येते की मानेच्या व्यायामाने, कामाच्या बैठकीतील बदलाने आणि दिवसा दात सुटे ठेवण्याने या रुग्णाची वेदना कमी झाली, आणि वेदना कमी झाल्यामुळे झोप काही प्रमाणात सलग झाली असावी. रात्रीचे घासणे थांबल्याचा पुरावा नाही. उपलब्ध संशोधनातही चित्र फारसे वेगळे नाही: अभ्यास लहान आहेत, उपचार एकमेकांत मिसळलेले आहेत, आणि फायदा दिसतो तो मुख्यतः वेदनेत व तोंड उघडण्यात, झोपेतील स्नायूंची क्रिया उपकरणाने मोजणारे अभ्यास थोडे आहेत. दात खाणे बंद होईल या आशेवर कोणी मानेचे व्यायाम सुरू केले तर महिनाभरात आवाज तसाच पाहून ते सोडून देईल आणि मिळत असलेला फायदाही गमावेल. म्हणून या रुग्णाला पहिल्याच दिवशी सांगितले होते की आपण सकाळ सुधारायला निघालो आहोत, रात्रीचे दंतवैद्य बघतील.

घोरणे वाढल्याचे पत्नीने ऑगस्ट २०२४ मध्ये सांगितले, आणि श्वासरोध व दात खाणे एकत्र आढळू शकतात, त्यामुळे पुढे ढकललेली चाचणी चवथ झाल्याबरोबर घरीच करून घेतली. तासाला पाचापेक्षा कमी श्वासखंड आले, म्हणजे श्वासरोध आढळला नाही. नाइट गार्ड चालू आहे आणि दर सहा महिन्यांनी त्याची झीज पाहायची आहे. होकाराचा आणि पंचाचा असे दोनच व्यायाम वर्षभर ठेवले आहेत, बाकीचे माती मळायला घेण्याआधी महिनाभर सुरू करायचे आहेत.